पार्श्वभूमी : रिस्टोअर केलेली एमजीबी विकायला निघते तेव्हा

ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकातली एखादी एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची बिनछपराची, दोन सीटची स्पोर्ट्स कार) विक्रीला निघाली की जाहिरातीत गाडीचा रंग येतो, तारांची चाकं येतात, ओव्हरड्राइव्ह (लांब पल्ल्याच्या वेगासाठीचा जादा गिअर) आहे की नाही हेही येतं. भाव मात्र ठरतो ‘रिस्टोअर केलेली’ या दोन शब्दांवर. काम कधी केलं आणि कोणत्या पत्र्याने केलं, हा त्यातला खरा प्रश्न असतो, आणि तो समजायला या गाडीचा इतिहास माहीत असावा लागतो.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधला विल्यम मॉरिस यांचा हा गाड्या विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा. सेसिल किंबर १९२२ मध्ये तिथले जनरल मॅनेजर झाले आणि त्यांनी साध्या मॉरिस गाड्यांच्या सांगाड्यावर हलक्या, देखण्या बॉड्या चढवायला सुरुवात केली. अष्टकोनी बिल्ला त्याच काळातला. धंदा वाढला तसा कारखाना १९२९ मध्ये जवळच्याच ॲबिंग्डन या गावी गेला आणि पुढची ५१ वर्षं एमजी तिथेच बनल्या. आज पुण्या-मुंबईच्या सिग्नलला शेजारी उभ्या राहणाऱ्या एमजीच्या इलेक्ट्रिक गाडीवर हाच अष्टकोन असतो. २००५ मध्ये तो नानजिंग या चिनी कंपनीकडे आणि पुढे तिथल्याच साइककडे गेला. भारतातल्या कंपनीत २०२४ पासून मुंबईच्या जेएसडब्ल्यू समूहाची भागीदारी आहे. बिल्ला तेवढा एक राहिला, मधली कहाणी बरीच लांबची आहे.

एमजीबीची पाळी आली १९६२ च्या सप्टेंबरात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मुक्काम पडलेल्या अमेरिकी सैनिकांना तिथल्या छोट्या दोन सीटच्या गाड्यांची गोडी लागली होती. ‘टी’ मालिकेतल्या एमजी त्यांच्यामागे अमेरिकेत पोहोचल्या आणि १९५५ साली आलेली एमजीए तर एक लाखावर बनली. तिची जागा घेणारी गाडी ॲबिंग्डनमध्येच आखली गेली. मुख्य इंजिनिअर सिड एनेव्हर यांच्या हाताखाली डॉन हेटर यांनी तिची रेषा काढली. आत १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती, आणि ताशी १०० मैलांपुढे जाणारा वेग. यातलं काहीच अद्भुत नव्हतं. हेच इंजिन घरगुती सलून गाड्यांतही चालत होतं. साध्या पगारदार माणसाला परवडेल, रविवारी स्वतःच्या हाताने दुरुस्त करता येईल अशी ही स्पोर्ट्स कार होती. मला तिचं मोठेपण नेमकं इथेच दिसतं. जॅग्वार ई-टाइप बघायला लोक गर्दी करायचे, एमजीबी लोक विकत घेऊन चालवायचे.

एका बाबतीत मात्र ती आधीच्या एमजींपेक्षा पूर्ण वेगळी होती. एमजीएला खाली वेगळी चासी होती, बॉडी तिच्यावर बसवलेली. एमजीबीत चासीच नाही. दाबून घडवलेले पत्रे एकमेकांना जोडून जो डबा तयार होतो, तोच तिचा सांगाडा. त्यात वर छप्परही नाही, म्हणजे गाडीला मधून वाकू न देण्याचा बराचसा भार दोन्ही दारांच्या खालच्या पट्ट्यांवर, सिलवर येतो. सिल म्हणजे गाडीचा उंबराच म्हणा. बाहेरून तो एक पत्रा दिसतो, पण आत आणखी पदर आहेत : बाहेरचं सिल, मधला उभा पत्रा, आतलं सिल, आणि तळाशी खाचा-खाचांची एक पट्टी, जिला तिकडे ‘कॅसल रेल’ म्हणतात. किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखा तिचा आकार, म्हणून ते नाव.

या पोकळीत पाणी आणि चिखल साचतो. ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे तो चिखल खारट असतो. गंज आतून सुरू होतो आणि बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो. सीटच्या मागे, तळाशी सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे कप्पे असत, तेही असेच सडत.

बारा-पंधरा वर्षं वापरलेल्या स्वस्त गाडीवर कोण खर्च करणार? १९७० आणि ८० च्या दशकांत गॅरेजवाले सरळ जुन्या सिलवर नवा पत्रा चढवून वेल्डिंग मारत, वर लांबी, म्हणजे पुटी, भरून रंग देत. गाडी चकचकीत दिसे आणि आतला गंज वाढतच राही. आज विक्रीला येणाऱ्या अनेक गाड्यांच्या पोटात अशी जुनी थिगळं असतात. ज्याने हे काम मनापासून केलंय त्याची पद्धत वेगळी. बाहेरचं सिल पुढे फेंडरच्या मागे आणि मागे मडगार्डच्या खाली शिरतं. पुढचं फेंडर बोल्टवर आहे, ते काढता येतं. मागचं वेल्ड केलेलं, त्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे बार ठोकून बॉडी ताठ धरावी लागते, नाहीतर सिल निघताच गाडी मधून वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही.

ॲबिंग्डनचा शेवट मात्र पत्र्याने नाही, हिशेबाने झाला. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड नावाचा महाप्रचंड समूह तयार झाला आणि एमजी त्यात गेली. घरात ट्रायम्फच्या स्पोर्ट्स कार होत्याच, एमजीच्या नव्या मॉडेलला पैसा मिळेना. अमेरिकेचे सुरक्षेचे नियम कडक झाले तेव्हा १९७४ च्या अखेरीस त्याच गाडीला क्रोमऐवजी काळे रबरी बंपर लावले आणि तिची उंची दीड इंचाने वाढवली. वळणावर ती झुकू लागली. याच कारणाने आजही क्रोम बंपरच्या गाडीला जास्त भाव मिळतो आणि कित्येक जण रबरी बंपर काढून क्रोम बसवतात. मग डॉलरच्या तुलनेत पौंड महागला आणि अमेरिकेतली विक्री तोट्यात गेली. १९७९ च्या सप्टेंबरात गावाने कारखान्याची पन्नाशी साजरी केली आणि लगेच सोमवारी, १० तारखेला, एमजीबी बंद करण्याची घोषणा झाली. ॲस्टन मार्टिनशी संबंधित एका गटाने एमजी विकत घेण्याची खटपट केली, ती फसली. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या होत्या. ज्या कामगारांनी पन्नाशीची मिरवणूक काढली त्यांनाच लगोलग कामावर पाणी सोडायची बातमी मिळाली, हे आजही वाचताना गलबलून येतं.

पण पत्रे दाबायचे डाय, म्हणजे साचे, मोडीत गेले नव्हते, निदान सगळे नाही. ब्रिटिश लेलँडचाच पुढचा अवतार असलेल्या रोव्हर समूहातल्या ब्रिटिश मोटर हेरिटेजचे डेव्हिड बिशप यांनी ते शोधून गोळा केले आणि १९८८ मध्ये फॅरिंग्डन इथे मूळ डायवर दाबलेल्या पत्र्यांची अख्खी नवी एमजीबी बॉडी बनू लागली. बंद पडलेल्या गाडीची संपूर्ण नवी बॉडी मिळणं हे तेव्हा नवलच होतं. सडलेल्या गाडीतून इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल काढायचं आणि नव्या बॉडीत बसवायचं, हा मार्ग खुला झाला. खुद्द रोव्हरने याच आधारावर १९९२ मध्ये व्ही-८ इंजिनाची एमजी आरव्ही८ काढली. सुमारे दोन हजार बनल्या, त्यातल्या बहुतेक जपानला गेल्या.

यातून विकणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये दोन गट पडले. काहींना जुना पत्रा शक्य तितका वाचवलेली गाडी हवी असते, काहींना हेरिटेज बॉडीवरची. माझं मत विचाराल तर सांधे जोडत बसलेल्या अर्धवट गाडीपेक्षा हेरिटेज बॉडी कधीही बरी, फक्त ते जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असावं. गाडीची जन्मकथा पडताळता येते : गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळतो. त्यात गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली हे असतं. ‘चासी नंबर’ नावाचा गाडीचा ओळख-क्रमांकही बोलतो. ‘जीएचएन३’ म्हणजे सुरुवातीची रोडस्टर, ‘जीएचडी’ म्हणजे छप्पर असलेली जीटी, आणि पुढे ‘एल’ असेल तर स्टिअरिंग मूळचं डावीकडे. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतून परत आणलेल्या अनेक गाड्यांचं स्टिअरिंग ब्रिटनमध्ये उजवीकडे केलेलं असतं. नंबरातला ‘एल’ तेवढा राहतो.

२०१८ च्या मे महिन्यापासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांपुढच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या सरकारी चाचणीची) सक्ती नाही. म्हणजे एव्हाना जवळजवळ प्रत्येक एमजीबीला ती सवलत आहे आणि गाडीखाली कुणी डोकावलंय याची खात्री नाही. म्हणून जाणकार माणूस आधी रंगाकडे बघत नाही. तो सिलवर लोहचुंबक फिरवतो; लांबी भरलेल्या जागी चुंबक धरत नाही. मग जॅक लावून गाडीची एक बाजू उचलतो आणि दार उघडून लावून पाहतो. सिल धड असेल तर दाराभोवतीची फट बदलत नाही आणि दार पहिल्यासारखंच खट्कन बसतं.