उत्तर कोकणातील कॅथलिक शाळा

वसई, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे बेट) आणि मुंबई बेट या पट्ट्यात कॅथलिक धर्मसंघांनी आणि धर्मग्रामांनी (पॅरिश) सोळाव्या शतकापासून चालविलेल्या शिक्षणसंस्था. पोर्तुगीज अमलातील मठ-शाळा आणि इंग्रजी अमलातील अनुदानित विद्यालये असे त्यांच्या इतिहासाचे दोन स्पष्ट कालखंड पडतात. त्यांना जोडणारा धागा अगदी बारीक आहे. अनेक संस्थांच्या स्मरणिकांत तो अखंड असल्याचे गृहीत धरलेले दिसते; मात्र उपलब्ध कागदपत्रे त्याला फारसा आधार देत नाहीत.

प्रारंभकाळ : गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांना दिली. सैन्यापाठोपाठ फ्रान्सिस्कन संघाचे पाद्री आले आणि नंतर येशूसंघी (जेझुइट). पहिली शाळा यांपैकी कोणाची, हा वाद दोन्ही संघांच्या इतिवृत्तकारांनी त्या काळीच सुरू केला होता.

फ्रान्सिस्कनांच्या बाजूने मंडपेश्वराचा (बोरिवली) दाखला दिला जातो. येथील शैव लेण्याचे प्रार्थनामंदिर करण्यात आले आणि वरच्या कातळावर चर्च व महाविद्यालय उभे राहिले. त्यांचे भग्न अवशेष आजही लेण्याच्या माथ्यावर दिसतात. आत खांबांचा मंडप व झिजलेली शिवशिल्पे आणि वर पोर्तुगीज भिंती, असा एकाच खडकाचा दुहेरी वापर येथे पाहावयास मिळतो. चर्चसाठी १५४४ हे साल रूढ आहे. पण या कार्याचे श्रेय ज्या अंतोनियो दो पोर्तू या फ्रान्सिस्कनाला दिले जाते, त्याची साष्टीतील कामगिरी सामान्यतः १५४७ च्या आसपास सुरू झाली असे मानतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरवायच्या, तर १५४४ हे साल एखाद्या आधीच्या, लहान वास्तूचे असावे असे म्हणावे लागते. वरची दगडी इमारत एका दमात बांधलेली दिसत नाही. तिचा बराच भाग सतराव्या शतकातील असणे अधिक संभवनीय आहे. येथे मुख्यतः नवख्रिस्ती व अनाथ मुलांना ठेवून घेत आणि त्यांना धर्मतत्त्वे, वाचन व गायन शिकवीत, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. खर्चाची तजवीज राजाज्ञेने स्थानिक महसुलातून झाली. पूर्वी देवस्थानांकडे जाणारे काही उत्पन्न त्यासाठी वळविण्यात आले, आणि त्याच्या वाटणीवरून पुढे दोन्ही संघांत कुरबुरी झाल्या.

येशूसंघीयांचा पक्ष वसई किल्ल्यातील महाविद्यालयावर आधारलेला आहे. फ्रान्सिस झेवियर १५४४ मध्ये व पुन्हा १५४८ मध्ये वसईस येऊन गेले. दुसऱ्या भेटीनंतर लवकरच मेल्किओर गोन्साल्विस या पाद्र्याची तेथे नेमणूक झाली. येशूच्या पवित्र नामास वाहिलेले चर्च व महाविद्यालय त्यानंतरच्या दशकांत आकारास आले. त्या चर्चचा स्तंभयुक्त दर्शनी भाग किल्ल्यात अजून उभा आहे. नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मारले गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले वसईचे गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांच्या छत्राखाली वाढले. या महाविद्यालयाचा विद्यार्थी म्हणून त्यांचेच नाव पुढे केले जाते. त्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासक्रमाबद्दल जे लिहिले गेले आहे, ते बहुतांशी संतचरित्रांच्या परंपरेतले आहे.

या वादात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. त्या काळचे महाविद्यालय म्हणजे प्रथमतः पाद्र्यांची निवासवास्तू. मुलांना शिकविणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक होते, आणि जमिनींचा वसूल पाहणे हे दुसरे. त्यामुळे वास्तूचे स्थापनावर्ष हेच शाळेचे वर्ष मानता येत नाही. अध्यापनाची सुरुवात फ्रान्सिस्कनांनी केली आणि वर्गवार, सलग शिक्षणाची घडी येशूसंघीयांनी बसविली, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते. येशूसंघीयांनी वांद्रे येथेही सेंट अ‍ॅनच्या नावे एक महाविद्यालय चालविले. त्याचे साल १६२० च्या सुमाराचे देतात.

यांखेरीज चर्चला जोडलेल्या धर्मग्राम-शाळा होत्या. मुले सकाळी चर्चच्या पडवीत जमत, प्रश्नोत्तररूप धर्मपाठ सुरात म्हणत, अक्षरे गिरवीत आणि मिस्सेतील (चर्चमधील मुख्य उपासनेतील) गायनाची तयारी करीत. शिकविणारा बहुधा चर्चचा गायनमास्तरच असे. या शाळांची गावोगावची माहिती मिळत नाही.

१७३९ नंतर : चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा युरोपीय धर्मसंघ प्रदेश सोडून गेले आणि त्यांची महाविद्यालये संपली. तहाने ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा राहिली. गोव्याच्या आर्चबिशपच्या देखरेखीखाली एतद्देशीय पाद्री चर्च चालवीत राहिले. धर्मग्राम-शाळांपैकी काही कशाबशा तगल्या असाव्यात. वांद्रे येथील सेंट अँड्र्यूज ही शाळा आपला उगम १७८० मध्ये सांगते. हे साल मान्य केले, तर साष्टी इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर (१७७४) थोड्याच वर्षांत ती सुरू झाली असे होते आणि परिसरातील चालू शाळांत ती सर्वांत जुन्या शाळांपैकी ठरते. अर्थात आरंभी ती धर्मग्राम-शाळाच होती. हायस्कूल हा तिचा पुढचा अवतार.

दुहेरी अंमल : मुंबई बेटावर ईस्ट इंडिया कंपनीने १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून चर्च कार्मेलाइट संघाकडे सोपविली. तेव्हापासून गोव्याचा ‘पाद्रोआदो’ (पोर्तुगालच्या राजाचा आश्रयाधिकार) आणि रोमचा ‘प्रोपागांदा’ (पोपचे धर्मप्रसार खाते) या दोन सत्तांत झगडा लागला. १७९४ मध्ये कंपनीने चर्च दोघांत वाटून दिली. एकाच वस्तीत दोन चर्च आणि दोन बिशपांचे अनुयायी अशी स्थिती त्यातून आली. मार्च १८५३ मध्ये वरच्या माहीमचे चर्च पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून प्रोपागांदाचे बिशप अनास्तासियुस हार्टमान स्वतः आत कोंडून घेऊन बसले. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी ते चर्च विरुद्ध पक्षाच्या हवाली केले.

शाळांच्या इतिहासात या भांडणाला मध्यवर्ती स्थान आहे. पाद्रोआदोकडे जुन्या वाड्या, जुनी चर्च आणि धर्मग्राम-शाळा राहिल्या. प्रोपागांदाकडे जमीन थोडी, पण युरोपीय धर्मसंघांचे मनुष्यबळ आणि इंग्रज सरकारशी बोलता येईल अशी भाषा होती. वांद्र्यासारख्या ठिकाणी कॅथलिक शाळांची दाटी आढळते, तिचे एक कारण हेच आहे. १८८६ च्या करारानंतर मुंबईत आर्चबिशपपीठ व पाद्रोआदोकरिता दमणचे स्वतंत्र पीठ अशी मांडणी झाली. दुहेरी अंमल पूर्णतः संपला तो १९२८ मध्ये.

इंग्रजी शाळा : हार्टमान यांच्या खटपटीने येशूसंघीयांकडे १८५४ मध्ये पुण्याचे व १८५८ मध्ये मुंबईचे कार्य आले. हे पाद्री बहुसंख्येने जर्मन भाषिक होते. त्याच १८५४ मधील वुडच्या खलित्याने (शिक्षणविषयक सरकारी धोरणपत्र) खाजगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट खुली केली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाल्याने मॅट्रिक हे ठरीव उद्दिष्ट मिळाले. आज प्रसिद्ध असलेल्या संस्था त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या आहेत. सेंट स्टॅनिस्लॉस (वांद्रे, १८६३) अनाथालय म्हणून निघाली. माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, तर पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची. मुंबईतील माझगाव आणि कॅव्हेल येथील शाळांचे वरचे वर्ग एकत्र करून १८६९ मध्ये सेंट झेवियर्सची उभारणी झाली. हायस्कूल व महाविद्यालय दोन्ही हेच वर्ष सांगतात. मुलींसाठी ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाच्या धर्मभगिनींनी १८६५ मध्ये वांद्रे येथे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट काढले. धर्मभगिनींच्या शाळांविषयी लिखाण फार त्रोटक आहे; संघांच्या अंतर्गत रोजनिश्यांपलीकडे ते क्वचितच जाते.

या शाळांतून निघालेला विद्यार्थी रेल्वे, जकात आणि कचेऱ्यांत कारकून झाला. त्या नोकऱ्यांसाठी गोव्याचे व मंगळूरचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले, तेव्हा स्थानिक कॅथलिकांनी कंपनीशी जुने नाते सांगत १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्र्यांना स्थानबद्ध करून परत पाठविण्यात आले. शाळा काही काळ अपुऱ्या माणसांवर चालल्या, आणि १९२० नंतर स्पेनमधील येशूसंघी त्यांच्या जागी आले. त्यांपैकी जोसेफ साव्हाल यांनी १९४३ मध्ये कॅम्पियन स्कूल स्थापिले. सेल्सियन संघाच्या डॉन बॉस्को (माटुंगा) शाळेची भरभराटही याच सुमारास झाली. हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतील यशाने या शाळा घरोघरी ठाऊक झाल्या. त्यांच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी येथे देण्याचे कारण नाही.

स्वातंत्र्योत्तर काळ : मुंबई सरकारने ६ जानेवारी १९५४ रोजी परिपत्रक काढून, अँग्लो-इंडियन व आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांखेरीज कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश देऊ नये, असा आदेश दिला. त्याविरुद्धचा खटला देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचा होता, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतल्या शाळेचा. पण निकालावर कॅथलिक शाळांचेही भवितव्य अवलंबून होते, कारण त्यांच्या पटावर हिंदू, पारशी व मुस्लिम मुले मोठ्या संख्येने होती. उच्च न्यायालयाने आदेश अवैध ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५४ रोजी तो निकाल कायम केला. संविधानाच्या अनुच्छेद ३० खालील अल्पसंख्याकांच्या हक्काची चर्चा पुढे अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात (१९७४) विस्ताराने झाली. शिक्षणहक्क कायद्यातील वंचित गटांसाठीच्या पंचवीस टक्के जागांची तरतूद अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. ही सूट कितपत न्याय्य आहे, याविषयी ख्रिस्ती समाजातही एकमत नाही.

मराठी शाळा : मुंबईबाहेरचे चित्र वेगळे आहे. वसईत, सामवेदी व वाडवळी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या गावांत, चर्चच्या आवारातील शाळा दीर्घकाळ मराठी माध्यमाच्या होत्या. ‘सुवार्ता’ मासिकाभोवती जमलेला मराठी लिहिता वर्ग याच शाळांतून आला. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तोवर पालकांचा ओढा इंग्रजीकडे वळला होता. अहमदनगर जिल्ह्यात येशूसंघीयांचे काम १८७८ च्या सुमारास केंदळ परिसरात सुरू झाले. प्रॉटेस्टंटांचे अमेरिकन मराठी मिशन तेथे १८३१ पासून होते, त्यामुळे कॅथलिकांना शाळा व वसतिगृहे उभारताना त्याच्याशी चढाओढ करावी लागली. तेथील विद्यार्थी मुख्यतः महार-मांग समाजातील होते. संगमनेरच्या ज्ञानमाता विद्यालयासारख्या संस्था याच प्रयत्नाच्या पुढच्या टप्प्यातील होत.