दोन वेंटवर्थ, एक भाऊबंदकी

इंग्लंडच्या साउथ यॉर्कशरमध्ये वेंटवर्थ नावाचे दोन भलेमोठे वाडे आहेत. वेंटवर्थ वुडहाउस रॉदरहॅमजवळ, वेंटवर्थ कासल बार्न्सलीजवळ. मधलं अंतर जेमतेम सहा मैल. नावावरून काही अंदाज बांधायला जाल तर फसाल. वुडहाउसचा लाकडाशी संबंध नाही. तेराव्या शतकात वेंटवर्थांशी सोयरीक झालेल्या घराण्याचं ते आडनाव. आणि कासल हा किल्ला नाही, त्याचं जुनं नाव स्टेनबरो हॉल. वेंटवर्थ नावाचं गाव आहे ते वुडहाउसच्या दाराशी. मग लांबच्या दुसऱ्या घराने हे नाव का लावलं? पहिल्याला खिजवायला, दुसरं काय.

मूळ वाडा वुडहाउसचा. तिथला थॉमस वेंटवर्थ, पहिला अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड (अर्ल म्हणजे सरदारकीचा एक किताब), हा राजा पहिल्या चार्ल्सचा उजवा हात. 1641 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मुलगा विल्यम 1695 मध्ये निपुत्रिक वारला आणि इथे घोळ झाला. जमीनजुमला आणि वाडा त्याने मृत्युपत्राने बहिणीच्या मुलाला, थॉमस वॉटसनला दिला. भाच्याने लगेच आडनावाला वेंटवर्थ जोडून घेतलं. घराण्याचा एक किताब, बॅरन रेबी, मात्र मृत्युपत्राने देता येत नव्हता. तो पुरुषांच्या वंशात चालायचा, म्हणून चुलत घराण्यातल्या तिसऱ्याच थॉमसकडे गेला. (या गोष्टीतल्या थॉमसांनी डोकं फिरतं, पण त्यात माझा दोष नाही.)

हा चुलत थॉमस पेशाने सैनिक. वाडा आपल्याला मिळणार असं तो धरून चालला होता. हाती आला नुसता किताब, आणि तोही पोकळ. कारण रेबीचा खरा किल्ला वेन नावाच्या दुसऱ्याच घराण्याचा. स्ट्रॅफर्डने वेनना डिवचायला ते नाव आपल्या किताबात घातलं होतं. म्हणजे नावावरून खिजवण्याची खोड घराण्यात आधीपासूनच होती.

माझी सहानुभूती या चुलत थॉमसकडे, म्हणजे नव्या बॅरन रेबीकडे आहे, पण पठ्ठ्या रडत बसला नाही. बर्लिनला प्रशियाच्या दरबारात राजदूत म्हणून गेला, आणि 1708 मध्ये वुडहाउसपासून सहा मैलांवरची स्टेनबरोची इस्टेट विकत घेतली. तिथल्या घराला योहान फॉन बॉट या प्रशियातल्या वास्तुविशारदाकडून आराखडे काढून घेऊन बरोक थाटाची, म्हणजे भरजरी नक्षीकामाच्या शैलीची, नवी बाजू जोडली. 1711 मध्ये जहाजबांधणीत गडगंज झालेल्या सर हेन्री जॉन्सन यांच्या मुलीशी लग्न केलं, आणि विल्यमबरोबर संपलेला अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड हा किताब त्याच वर्षी स्वतःच्या नावाने नव्याने मिळवला. उरलं होतं ते एक पिढीजात जुनं घर. ते त्याने बांधूनच टाकलं. घरामागच्या टेकडीवर बुरुजांचा एक लुटुपुटीचा किल्ला उभारला, मुद्दाम मोडकळीला आल्यासारखा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हे घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदतंय. त्याच्या चार बुरुजांना चार मुलांची नावं दिली. आणि 1731 मध्ये अख्ख्या इस्टेटीचं नामकरण केलं: वेंटवर्थ कासल.

तिकडे वुडहाउसमध्ये भाच्याचा मुलगा, पुन्हा थॉमसच, 1723 मध्ये गादीवर आला. त्याने आधी पश्चिमेकडे विटांचा बरोक दर्शनी भाग बांधायला घेतला. तो धड पुरा व्हायच्या आतच ती शैली जुनाट वाटू लागली, शिवाय बरोक म्हणजे टोरी पक्षाची आवड आणि हा पक्का व्हिग, म्हणजे टोरींच्या विरोधी पक्षाचा. मग पूर्वेकडे, जुन्याला पाठ लावून, वास्तुविशारद हेन्री फ्लिटक्रॉफ्टकडून पॅलेडियन, म्हणजे साध्या, प्रमाणबद्ध अभिजात शैलीतला दगडी वाडा बांधून घेतला: 606 फूट लांब. बकिंगहॅम पॅलेसच्या दर्शनी बाजूपेक्षाही लांब. खोल्या तीनशेच्या वर.

फोटोत दोन्ही घरं ओळखताना सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, कारण दोघांनाही एक बरोक आणि एक पॅलेडियन असे दोन चेहरे आहेत. वुडहाउसचे दोन्ही चेहरे एकाच मालकाचे आणि पाठीला पाठ लावून. दोन्ही एका नजरेत कधी दिसत नाहीत. कासलची बरोक बाजू बापाची, तर काटकोनात वळलेली पॅलेडियन बाजू मुलाची, 1760 च्या आसपासची. कोपऱ्यावर उभं राहिलं की दोन पिढ्या शेजारी शेजारी दिसतात.

हा झगडा बागेतही चालला. कासलच्या मालकाने 1734 मध्ये राणी ॲनच्या नावाने ओबेलिस्क (वर निमुळता होत जाणारा दगडी स्तंभ) उभारला. राणी जाऊन वीस वर्षं झाली होती, पण तिच्या राज्यात टोरींचे दिवस होते आणि तिच्यानंतर आलेल्या जॉर्जच्या घराण्याने याला बाजूला सारलं होतं. वुडहाउसने 1745 च्या जेकोबाइट बंडाचा (हटवलेल्या स्ट्यूअर्ट राजघराण्याला परत आणायला झालेल्या) बीमोड झाल्यावर, राजा जॉर्जवरच्या निष्ठेची खूण म्हणून हूबर स्टँड नावाचा मनोरा बांधला. हा मालक 1746 मध्ये मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम झाला. अर्लपेक्षा एक पायरी वर.

पुढच्या पिढीत वुडहाउसने बाजी मारली. दुसरा मार्क्विस दोनदा पंतप्रधान झाला. अमेरिकन वसाहतींवर कागदपत्रांचा कर लादणारा स्टँप ॲक्ट 1766 मध्ये रद्द झाला तो त्याच्याच काळात. पण 1782 मध्ये तोही निपुत्रिक गेला, आणि गंमत बघा, वाडा पुन्हा बहिणीच्या मुलाकडेच! हा भाचा अर्ल फिट्झविल्यम. कासलचा अर्लही 1791 मध्ये निपुत्रिक वारला, आठ वर्षांनी किताब संपला, आणि इस्टेट शेवटी मुलीच्या वंशातल्या व्हर्नन घराण्याकडे आली. त्यांनीही वेंटवर्थ नाव जोडून घेतलं. म्हणजे ज्या पुरुषवंशाच्या मुद्द्यावर रेबी जन्मभर धुमसला, तो त्याच्याही घरी टिकला नाही.

फिट्झविल्यम घराणं कोळशावर श्रीमंत झालं, आणि कोळशानेच वाडा उकरला. 1946 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारातले इंधनमंत्री मॅनी शिनवेल यांनी वुडहाउसच्या उद्यानात उघड्या खाणीचा हुकूम काढला. बागा, जुनी झाडं, सगळं खणलं गेलं आणि मातीचे ढिगारे थेट घराच्या खिडक्यांपर्यंत आले. विरोध करणाऱ्यांत खाणकामगारांचे पुढारी जो हॉल होते. मालकाच्या बागेसाठी कामगार संघटना मजूर सरकारशी भांडते, असं चित्र इतिहासात फारसं दिसत नाही. 1948 मध्ये आठवा अर्ल विमान अपघातात गेला. सोबत जॉन केनेडींची बहीण कॅथलीन होती. 1979 मध्ये दहाव्या अर्लबरोबर तो किताबही संपला.

युद्धानंतर दोन्ही वाडे पुन्हा सारखे दिसू लागतात, कारण दोन्हीकडे शिक्षक घडवणारी कॉलेजं आली. कासल 1948 मध्ये बार्न्सलीच्या नगरपालिकेने विकत घेतला. 1978 पासून तिथे प्रौढांसाठीचं नॉर्दर्न कॉलेज आहे. वुडहाउसमध्ये 1950 पासून मुलींसाठी शारीरिक शिक्षणाचं लेडी मेबल कॉलेज होतं. मात्र 1989 मध्ये तो वाडा खासगी बाजारात गेला. 1999 मध्ये वास्तुविशारद क्लिफर्ड न्यूबोल्ड यांनी घेतला, आणि 2017 मध्ये सत्तर लाख पौंडांना जतनासाठी काढलेल्या ट्रस्टकडे आला.

तेव्हा तिकीट काढण्याआधी एवढं पाहा. बाग, ओबेलिस्क आणि रेबीचा खोटा किल्ला हवा असेल तर कासल. बाग 2019 पासून नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था सांभाळते, घर कॉलेजचं आहे. आतली दालनं बघायची असतील तर वुडहाउस. तिथे व्हिसलजॅकेट नावाच्या घोड्याचं दालनही आहे. दुसऱ्या मार्क्विसने चित्रकार जॉर्ज स्टब्सकडून काढून घेतलेलं त्याचं पूर्णाकृती चित्र मात्र तिथे शोधू नका. ते 1997 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतलं.