तेंदूपत्ता: मजुरी हाती येते, रॉयल्टी कुठे जाते?

विडीसाठी लागणाऱ्या तेंदूच्या पानांच्या एका पुड्यात 70 पाने असतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते, म्हणजे 70,000 पाने. घरातल्या चौघांनी मिळून दिवसाला 200 पुडे बांधले, तरी एका गोणीला पाच दिवस जातात. मजुरी मिळते ती या कष्टाची. पानांची स्वतःची किंमत म्हणजे रॉयल्टी, आणि विकासाचा वाटा गावाला मिळाला की नाही हे खरं तर तिच्यावरून कळतं.

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची, म्हणजे तेंदूपत्ता, बांबू अशा लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी गावकऱ्यांना दिली. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक हाती पडायला एप्रिल 2011 उजाडला. कागदावर मालकी होती, पण माल गावाबाहेर नेता येत नव्हता.

सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या परंपरागत हद्दीतल्या जंगलाचा, दावा ‘क’ नमुन्यातल्या अर्जावर करतात. ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. सोबत किमान दोन पुरावे: निस्तारपत्रक (गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद), वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब वगैरे. शेजारच्या गावाला सोबत घेऊन हद्द फिरली नाही, तर वाद हमखास उभा राहतो. उपविभागीय समितीने दावा फेटाळला तर जिल्हा समितीकडे दाद मागायला 60 दिवस असतात.

सर्वात जास्त फसगत होते ती विक्रीत. ठेकेदार आगाऊ रक्कम देऊन माल उचलतो, मग भाव पडल्याचं किंवा पाने पावसात भिजल्याचं सांगून बाकी थकवतो. वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते, हीच तिची खरी ताकद. म्हणून जेवढ्या गोण्यांचे पैसे खात्यात जमा, तेवढ्याच गोण्यांचा परवाना, ही अट करारनाम्यात लिहूनच घ्यावी. फळीवर, म्हणजे पुडे जमा करण्याच्या जागी, रोज किती पुडे आले ते कुटुंबाच्या कार्डावर आणि ग्रामसभेच्या वहीत, दोन्हीकडे त्याच संध्याकाळी नोंदवावं. एकट्या गावाचा माल थोडा असल्याने भाव पाडून मागतात. गडचिरोलीतल्याच कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली ती अशा कामांत एकत्र उभं राहता यावं म्हणून.

आता वाटप. रॉयल्टी पुड्यांच्या हिशेबाने वाटणं सोपं, पण ज्या म्हातारीला जंगलात जाणं झेपत नाही तिच्या वाट्याला त्यात काहीच येत नाही, आणि जंगल तर तिचंही आहे. रॉयल्टीचा काही भाग सगळ्या घरांना सारखा देण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. तो तोडणी सुरू होण्याआधीच करावा. पैसा आल्यावर त्यावर एकमत होणं फार कठीण जातं.