आधी नेक, मग उंची, शेवटी सूर

गिटारच्या तारा दाबताना बोटं दुखतात, वरच्या फ्रेटवर (नेक म्हणजे मानेवरच्या, बॉडीजवळच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर चढे लागतात, मधेच एखादी तार फ्रेटला घासून झणझणते. अशा वेळी बहुतेक जण थेट ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू फिरवतात आणि तिथेच घोटाळा होतो. इलेक्ट्रिक गिटारच्या सेटअपमध्ये प्रत्येक माप आधीच्या मापावर उभं असतं. क्रम चुकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवात नव्या तारांनी करा, आणि पुढे ज्या जाडीच्या वापरायच्या त्याच चढवा. 10-46 चा (सर्वांत बारीक तार 0.010 इंच, सर्वांत जाड 0.046 इंच) संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांची मिळून ओढ साधारण 45 किलो भरते. हलका संच लावला की ही ओढ घटते आणि नेकचा बाक बदलतो.

हा बाकच सगळ्याचं मूळ. तारा नेकला पुढे वाकवतात, आतला ट्रस रॉड (नेकमधली धातूची सळई) मागे खेचतो. पण नेक अगदी सरळ करायचा नसतो. छेडलेल्या तारेचा झोका मध्यावर सर्वांत रुंद असतो, त्याला तेवढी जागा हवी. मोजायला गिटार सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) बसवा आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सहावी (सर्वांत जाड) तार दाबा. ताणलेली तार ही आयती सरळ पट्टीच! आता सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यामध्ये 0.2 ते 0.25 मिमीची फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचातली) पाती सरकवा. तार न उचलता ती अलगद गेली की बाक बरोबर. फट जास्त असेल तर रॉड घट्ट करा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव वळसाच द्या, मग पुन्हा सूर लावून मोजा. किल्ली अचूक मापाचीच हवी. सैल किल्लीने रॉडच्या नटाचे कोन गोल होतात आणि मग रॉड फिरवणंच मुश्कील होतं. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा.

आता उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून मोकळ्या तारेच्या खालच्या कडेपर्यंत सहाव्या तारेला 2 मिमी आणि पहिल्या (सर्वांत बारीक) तारेला 1.6 मिमी ठेवून पाहा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) 1 मिमी उचलला तर तिथे फरक अर्ध्याच मिमीचा पडतो. झणझण पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर बाक कमी आहे, वरच्या फ्रेटवर असेल तर सॅडल खाली आहे. फक्त मोकळी तार झणझणली तर नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेलेली असू शकते. एकाच जागी आवाज येत असेल तर पुढचा फ्रेट उचललेला आहे का ते तपासा.

पिकअप (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग) तारांच्या फार जवळ असेल तर चुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो. म्हणून शेवटचा फ्रेट दाबून सुमारे 2 मिमी अंतर ठेवा, आणि हे इंटोनेशनच्या (दाबलेले सूर बरोबर लागावेत म्हणून सॅडल पुढेमागे करण्याच्या) आधीच उरका.

तार दाबली की ती थोडी ताणली जाते, म्हणून सूर चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल थोडा मागे ठेवावा लागतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नटपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. दर वेळी तार पुन्हा सुरात लावूनच पुढची तुलना करा. नेहमीच्या दाबानेच दाबा, कारण जास्त जोर दिला तर चढलेला सूर सॅडलचा नसून बोटाचा असतो.