एकाच घरात थायरॉइड, कोड आणि मधुमेह: मागचा इतिहास

आजीला थायरॉइड, आत्याला कोड, नातवाला शाळेत जायच्या वयात इन्सुलिन. गोव्यातल्या फोंडा-डिचोली भागात असं घर दिसलं की लोक ‘घराण्यातच आहे’ म्हणतात. त्यात तथ्य आहे: हे आजार बहुधा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने होतात आणि त्यांची जनुकीय मुळं काही अंशी सामायिक आहेत. फक्त ते सिद्ध व्हायला बराच काळ गेला.

एचएलए (आपलं-परकं ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणारा जनुकांचा विभाग) आणि आजार यांचं नातं १९७०च्या दशकातच दिसलं. १९७३मध्ये त्यातला बी-२७ हा प्रकार आणि कणा आखडवणारा संधिवात यांचा संबंध दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला. पुढची तीसेक वर्षं बरंचसं काम याच विभागाभोवती फिरत राहिलं.

२००४मध्ये पीटीपीएन२२ या जीनमधला एक बदल आधी टाइप-१ मधुमेहात सापडला आणि त्याच वर्षी रुमॅटॉइड संधिवातात व ल्युपसमध्येही (प्रतिकारशक्ती त्वचा, सांधे, मूत्रपिंडांवर उलटते तो आजार). पुढे तो थायरॉइड आणि कोडातही दिसला. मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी त्याचा संबंध जुळला नाही आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारात तर तोच बदल धोका कमी करतो. म्हणजे मूळ सामायिक असलं, तरी सगळे आजार एका माळेचे मणी नाहीत.

खरा वाद आहे तो इम्युनोचिपचा, म्हणजे डीएनएतल्या ठरावीक जागांवरचे बदल एकदम तपासणाऱ्या चिपचा. २००७नंतर मोठ्या जनुकीय पाहण्यांचा पूर आला आणि त्यांतून निघालेल्या १८६ विभागांतल्या सुमारे दोन लाख जागा एका स्वस्त चिपवर बसवायचं ठरलं. प्रतिकारशक्तीशी निगडित बारा आजार, एकच चिप, त्यामुळे तुलना सोपी झाली. पण जागा निवडल्या त्या मुख्यतः युरोपीय नमुन्यांवरून. पीटीपीएन२२चा तो बदल उत्तर युरोपात सर्रास आढळतो, भारतीयांत विरळ आणि पूर्व आशियात जवळपास नाहीच. २०११च्या सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) अभ्यासात उत्तर भारतातले नमुने होते खरे, पण चिप घडली तेव्हा आपल्याकडचे बदल शोधून तिच्यात घेतले नव्हते. पैसे वाचले हे मान्य, तरी ही निवड मला आजही खटकते, कारण युरोपीय आकड्यांवर बेतलेले ‘धोक्याचे गुण’ (जनुकांवरून आजाराचा धोका मोजणारे आकडे) आता इथल्या रुग्णांनाही लावले जाऊ लागलेत.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत बसलेल्या त्या नातवाला जीनच्या चाचणीपेक्षा आजीची आणि आत्याची हकीकत डॉक्टरांना सांगणं अधिक उपयोगी. टाइप-१ झालेल्या मुलाची थायरॉइड आणि सिलिअॅकसाठी रक्ततपासणी करतात, ती लक्षणं नसली तरी. तिला जीनचा अहवाल लागत नाही.