रदरफर्डने केंद्रक मोजलंच नव्हतं

‘रदरफर्डने सोन्याचा वर्ख वापरून अणुकेंद्रकाचा आकार मोजला’ हे वाक्य जिथे तिथे वाचायला मिळतं. खरं तर त्याच्या हाती लागली ती वरची मर्यादा. केंद्रक याहून मोठं नसणार, एवढंच.

१९०९ साली मँचेस्टरमध्ये रदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधारात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे धन प्रभाराचे कण) आदळून उमटणाऱ्या चमका मोजत होते. बहुतेक अल्फा कण धातूच्या पत्र्यातून आरपार जात, पण प्लॅटिनमवर आदळणाऱ्या ८००० कणांमागे साधारण एक माघारी येई. १९११ मध्ये रदरफर्डने याचा अर्थ लावला: धन प्रभार अणूच्या मधोमध एकवटलेला आहे.

आता खरी गंमत. प्रोटॉनचा प्रभार १ धरला, तर अल्फाचा प्रभार २, सोन्याच्या केंद्रकाचा ७९. अल्फा नेमका केंद्रकाच्या रोखाने निघाला, तर प्रतिकर्षणाने मंदावत जातो, क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. थांबतो तिथे त्याची सगळी गतिज ऊर्जा स्थितिज झालेली असते. दोन प्रोटॉन एक फेम्टोमीटरवर असताना ही स्थितिज ऊर्जा १.४४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) भरते. (मिलिमीटरचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे फेम्टोमीटर.) २ × ७९ × १.४४ ला अल्फाच्या गतिज ऊर्जेने, म्हणजे ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टने भागा. उत्तर येतं सुमारे ३० फेम्टोमीटर. केंद्रक याहून मोठं असतं, तर अल्फा आत घुसला असता, प्रतिकर्षण कमी पडलं असतं आणि मोठ्या कोनांतले आकडे, कोणत्या कोनात किती कण वळतील हे सांगणाऱ्या रदरफर्डच्या सूत्राशी जुळले नसते. १९१३ मध्ये ते जुळले.

म्हणजे खरा आकार कळायला सूत्र कुठेतरी मोडायला हवं होतं! प्रभार कमी असलेल्या हलक्या अणूंमध्ये अल्फा अधिक जवळ पोचतो, आणि तिथे ते पुढे मोडलंही. पण मग केंद्रकातले कण बांधून ठेवणारं केंद्रकीय बलही मध्ये येतं. इलेक्ट्रॉनला त्या बलाशी देणंघेणं नाही. म्हणून १९५०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटरने वेगवान इलेक्ट्रॉन वापरले. २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला त्यांची तरंगलांबी सुमारे ६ फेम्टोमीटर, म्हणजे जवळपास केंद्रकाच्याच मापाची. त्यामुळे विवर्तन होतं (तरंग केंद्रकाभोवती वळून एकमेकांत मिसळतात) आणि कोनानुसार इलेक्ट्रॉनांची संख्या कमीजास्त होते. त्यावरून सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या निघाली सुमारे ७ फेम्टोमीटर.

 

शिवाय केंद्रकाला धारदार कडाही नसते. घनता मधल्या घनतेच्या ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर उतरायला सुमारे २.४ फेम्टोमीटर लागतात. त्यामुळे त्रिज्या किती, हे थोडंफार रेघ कुठे ओढता यावर ठरतं.