दोन्ही बाळं पावणेदोन किलोचीच, पण एक लवकर आलेलं आणि एक पोटात उपाशी राहिलेलं

माझी लेक जन्मली तेव्हा १७२० ग्रॅमची होती आणि चार वर्षांनी जावेचा मुलगा झाला तो १७६० ग्रॅमचा. दिराने रात्री फॅमिली ग्रुपवर वजनाच्या काट्याचा फोटो टाकला आणि लगेच सगळ्यांचे मेसेज सुरू, अगं डिट्टो तुझ्यासारखंच, काळजी करू नकोस, आपलीवाली पण अशीच होती, बघ आता कशी उड्या मारते. प्रेमानेच म्हणत होते सगळे पण डिट्टो बिलकुल नव्हतं. माझी ३२ आठवड्यांची, म्हणजे आठवा नुकताच लागलेला, आणि जावेचे ३८ आठवडे पूर्ण झालेले. ४० ग्रॅमचा फरक बघत बसले सगळे, सहा आठवड्यांचा कुणालाच दिसला नाही.

तसं यात घरच्यांना तरी काय बोलायचं, एके काळी डॉक्टर लोकही अडीच किलोच्या खालचं प्रत्येक बाळ प्रीमॅच्युअरच धरायचे, १९६१ मध्ये डब्ल्यूएचओने 'कमी वजनाचं' हा शब्द वेगळा काढला तेव्हा कुठे ही गल्लत सुटायला लागली. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं ते कमी दिवसांचं. दिवसांच्या मानाने वजन फारच कमी भरलं ते पोटात वाढ खुंटलेलं, याला रिपोर्टवर आययूजीआर किंवा एसजीए असं काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या लेकीचं वजन ३२ आठवड्यांच्या मानाने एकदम बरोबर होतं, ती फक्त लवकर आली. जावेला सातव्यापासून बीपी होतं, वारेतून बाळाला रक्त नीट जाईना, डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) ते दिसलं म्हणून सिझर केलं. म्हणजे तिचं बाळ वेळेवर आलं पण आत बिचाऱ्याला रेशन कमी पडलं होतं.

दोघांना शेजारी ठेवलं असतं तर नुसतं बघूनही कळलं असतं. लेकीचा तळपाय अगदी गुळगुळीत, पुढच्या बाजूला एखाददुसरी पुसट रेघ बस. कान इतका मऊ की सिस्टरने दुमडून दाखवला तर क्षणभर तसाच राहिला, मग सावकाश उलगडला. कातडी पातळ, चकचकीत, खांद्यावर लव आणि हातपाय बेडकासारखे पसरून पडलेली, अंगात जोरच नाही. जावेचा मुलगा बघितला तर तळव्यावर टाचेपर्यंत रेघाच रेघा, कान कडक, दुमडला की टुणकन जागेवर, हातपाय पोटाशी घेतलेले. पण मांड्यांची कातडी सैल, जणू थोरल्या भावाची चड्डी घातलीय, आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा, डोळे टक्क उघडे. डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसत होतं, कारण उपासमारीत शरीर मेंदूचा वाटा शेवटपर्यंत राखून ठेवायचा प्रयत्न करतं.

आता फुफ्फुसं, कारण सगळ्यात जास्त घाबरवतात ती हीच. फुफ्फुसातल्या फुग्यांना आतून सरफॅक्टंट नावाचा एक पातळ थर लागतो, तो नसेल तर श्वास सोडला की फुगे आतून चिकटतात आणि प्रत्येक श्वास पहिल्यासारखा ताकद लावून घ्यावा लागतो. पुरेसा थर साधारण ३४-३५ आठवड्यांच्या आसपास तयार होतो. लेक जन्मल्यावर अर्ध्या तासात कण्हायला लागली, आम्हाला वाटलं रडतेय, पण ते रडणं नव्हतं, फुगे मिटू नयेत म्हणून घसा आवळून सोडलेला श्वास होता तो, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा. मला कळांच्या आधी स्टेरॉइडची चारपैकी दोनच इंजेक्शनं मिळाली होती (ती आईला देतात आणि पिकतात बाळाची फुफ्फुसं, मला आधी वाटलं माझ्यासाठीच आहेत). मग नाकात नळ्या घालून सीपॅप, म्हणजे फुगे मिटू नयेत म्हणून हवेचा सतत दाब देणारं मशीन, श्वासनळीतून सरफॅक्टंटचा एक डोस, चौथ्या दिवशी सुटली त्यातून. इथे वजन किती फसवं असतं ते बघा, १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला, वजन जवळपास २१०० ग्रॅम, म्हणजे आमच्या दोन्ही बाळांपेक्षा जड, आणि ३९ तासांत याच आजाराने गेला. तेव्हा सरफॅक्टंट काय असतं ते कळलेलं होतं पण देता येत नव्हतं, ते जपानमध्ये १९८० साली पहिल्यांदा नीट जमलं.

जावेचा फोन आला, ताई, याला पण सीपॅप लागेल का? तिच्या बाळाची फुफ्फुसं पिकलेली होती, त्याला श्वासाचा त्रास झालाच असता तर बहुतेक दुसऱ्या कारणाने, म्हणजे आत कोंडमारा होऊन गर्भपाण्यातच शी केली आणि ती ओढली गेली तर. तसं झालं नाही. त्याची खरी भानगड साखरेची. लिव्हरमध्ये साठा नाही, अंगावर चरबी नाही, आणि नाळ कापली की पुरवठा बंद, मग साखर धडाधड उतरते. दुसऱ्या तासाला टाचेतून रक्त घेतलं तर २८, आणि तिथे ४५ च्या खाली गेली की लगेच हालचाल सुरू करत होते. बाळ तर शांत झोपलेलं, सासूबाई म्हणाल्या किती शहाणं आहे, रडत पण नाही. ते शहाणपण नव्हतं, सुस्ती होती. सलाइनमधून ग्लुकोज आणि तीन दिवस दर थोड्या तासांनी टाच टोचणं. (लवकर आलेल्यांचीही साखर उतरते, लेकीचीही बघत होते, पण तिथे ती दहातली एक काळजी होती, इथे पहिली.)

दुसरी गंमत रंगाची. सगळे म्हणाले काय गुलाबी बाळ आहे! आत ऑक्सिजन कमी मिळाला म्हणून शरीराने भरमसाट लाल पेशी बनवून ठेवलेल्या, रक्त घट्ट, हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते) ६५ च्या वर. असं रक्त बारीक नसांमधून हळू फिरतं, आणि नंतर त्या जादा पेशी फुटल्या की कावीळ वाढते. याला थोडं रक्त काढून तेवढंच सलाइन आत घालावं लागलं. कावीळ माझ्या लेकीलाही झाली, दोघंही निळ्या लाइटखाली डोळ्यांवर पट्टी बांधून, फोटोत पुन्हा डिट्टो, पण तिची झाली ती लिव्हर कच्चं म्हणून.

लवकर आलेल्यांच्या बाकीच्या काळज्या मुख्यतः त्यांच्याच. श्वास घ्यायचाच विसरणं हा प्रकार मी रोज बघितला, वीस सेकंद छाती हलत नाही, मॉनिटर ओरडतो, सिस्टर येऊन तळव्यावर टिचकी मारते की पुन्हा सुरू. त्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास याचा मेळ ३४ आठवड्यांच्या आसपास बसतो, तोवर नाकातल्या नळीने दूध. मेंदूतला रक्तस्राव बहुतेक पहिल्या तीन दिवसांत, म्हणून टाळूवरून सोनोग्राफी. आतड्याला सूज येऊन ते खराब होणं हे मात्र दोघांनाही होऊ शकतं, लवकर आलेल्यांना जास्त, आणि त्यावर सगळ्यात चांगलं संरक्षण आईचं दूध, नाही आलं तर मिल्क बँकेचं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली मिल्क बँक आशियातली पहिली.

डोळ्यांचं मात्र नीट ऐका, कारण घरी गेल्यावर हेच राहून जातं. पडद्याच्या रक्तवाहिन्या दिवस भरेपर्यंत वाढतच असतात, बाळ लवकर आलं, वर ऑक्सिजन लागला की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि वेळेत लेझर नाही झालं तर दृष्टी जाऊ शकते. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं प्रत्येक बाळ महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं, बाळ फारच लहान असेल तर आणखी आधी. वजनाचा आकडा नियमात आहे म्हणून जावेच्या मुलालाही नेलं, पडदा पूर्ण होता, एकदाच बघून सोडला. लेकीला चार वेळा न्यावं लागलं.

ऊब दोघांनाही हवी, जंतुसंसर्गाची भीती दोघांनाही, आणि दोघांनाही छातीशी बांधून कांगारू केलं, जे कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ च्या सुमारास बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून सुरू झालं होतं. आणि काही बाळं दोन्ही असतात, लवकरही आणि खुंटलेलीही, त्यांना दोन्हीकडचा मार बसतो.

घरी आल्यावर जावेच्या मुलाला गुटगुटीत करायची सगळ्यांना घाई. इथे मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं काम आठवतं, डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतली बाळं मोजली, सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५, पण आपली बाळं हाडामासाने बारीक असूनही चरबी मात्र बऱ्यापैकी राखून होती. पुढे डायबेटिस होण्याशी याचा संबंध ते लावतात. म्हणून पेजेत तुपाचा गोळा ढकलायच्या आधी डॉक्टरला वाढीचा तक्ता दाखवा एवढंच मी म्हणेन, सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

आणि शेवटची गल्लत वयाची. लेकीचं सगळं आम्ही दोन महिने वजा करून बघायचो, नऊ महिन्यांची झाली की सातची धरायची, दोन वर्षांपर्यंत असंच (लसी मात्र खऱ्या तारखेनेच). जावेचा मुलगा नऊ महिन्यांचा झाला तरी बसेना, तेव्हा सगळे म्हणाले, अगं हिचे वजा करायचो तसे याचेही करा ना. मी म्हटलं याचं वजा करायला काही नाहीच, हा वेळेवर आलेला आहे, दाखवून ये. गेली, फिजिओ सुरू झाली, आणि अकराव्या महिन्यात एकदाचा भिंतीला न टेकता बसला, लेकीचा जुना पायमोजा तोंडात कोंबून.